खड्यांचं ऑपरेशन

"खडे दाखव ना वं," जिजाबाई म्हणाली आणि माझ्या हातातला पाण्याचा ग्लास हिंदकळला. पाणी पोटावर सांडलं, साडीतून मांडीत उतरलं. ओलं लागलं की अजून पहिला विचार तोच येतो: सुटलं का? टाके सुटले का? मी पदराखालून हात घालून चाचपलं. नुसतं पाणी होतं. थंड, फ्रिजमधलं. मी श्वास सोडला आणि समोर पाहिलं तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. जिजाबाई, माझी मोठी जाऊ, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. शेजारी नानाजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, सोफ्याच्या कडेवर, तलाठ्याकडे आल्यासारखे. खाली सतरंजीवर त्यांची सून अंकिता, मांडीवर अजून दात न आलेलं पोरगं. सिंदीजवळच्या गावाहून हे सगळे पिपरी मेघेला मला पाहायला आले होते, कारण माझं खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. मला खडे नव्हते. कधीच नव्हते. माझी गर्भाची पिशवी सैल होऊन दोन पायांच्या मधून बाहेर येत होती, ती डॉक्टरांनी खालच्याच वाटेनं काढली आणि आतल्या ढिल्या पडलेल्या भिंती वर ओढून शिवल्या. एवढंच आहे. दोन ओळी. या दोन ओळी आमच्या घरात कोणाच्या तोंडातून निघाल्या नाहीत, म्हणून मला खडे झाले.

खडे मला यांनी केले. यांचं नाव देवेंद्र, सरकारी कचेरीत बाबू आहेत, आणि बाबूला कोणत्या गोष्टीला काय म्हणायचं ते बरोबर कळतं. दवाखान्यात मी सलाईन लावून पडले होते आणि दाराबाहेर हे फोनवर सांगत होते, "काही नाही हो, पित्ताशयात खडे निघाले. दूरबिनीनं काढले. आजकाल काही नाही त्याचं, आठ दिवसात माणूस उठते." मी ऐकलं. संतापायला अंगात बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ दे, खडे तर खडे. पण लोकांना माहीत असतं की खडे काढले की डॉक्टर ते बाटलीत घालून हातात देतात. घराघरात शोकेसमध्ये पोरांच्या बक्षिसाच्या कपांशेजारी ती बाटली ठेवलेली असते. शेजारची अन्नपूर्णा सफरचंदं घेऊन आली आणि बसल्या बसल्या तिनं विचारलं, "खडे दिले का हो?" हे म्हणाले, "दिले की," आणि आत गेले. आतून बाटली घेऊन आले. खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडलेली, आणि तिच्यात चार खडे. मी ओळखले. माझं माहेर गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी. फरीदबाबाच्या त्या टेकडीवर असे खडे पडलेले असतात, गोल, भुरकट, वरून जायफळासारखी नक्षी असलेले. बाबानं व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. माझ्या शोकेसमध्ये एका बशीत ते होते. यांनी त्यातले बारके निवडले, धुतले आणि माझ्या पोटातून काढले. अन्नपूर्णा गेल्यावर हे माझ्याकडे पाहून हसले, परीक्षेत कॉपी जमलेल्या पोरासारखे. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी मेले असते तर या माणसाला लोकांना तोंड दाखवता आलं असतं, पण बायकोचं आंग बाहेर आलं म्हटल्यावर दाखवता आलं नसतं.

आता ती बाटली जिजाबाईच्या हातात होती. "अवं बाप्पा! एवढाले! एवढं पोटात घेऊन तू रोज शाळेत जात होती?" मी म्हटलं, "हो." हे खोटं नव्हतं. मी ह्याहून मोठं घेऊन जात होते. नानाजींनी बाटली घेतली, उजेडात धरली, हलवली. ते शेतकरी आहेत, दगड आणि बी दोन्ही हातात घेऊन पाहण्याची त्यांना सवय. "देवेंद्र," ते म्हणाले, "हे त गिरडच्या टेकडीवरच्यासारखे दिसून राह्यले."

"खडे सारे सारखेच असतात, दादा."

"पन याच्यावर त जायफळासारखी नक्षी हाय."

"ज्याची त्याची प्रकृती असते," हे म्हणाले. मी पंख्याकडे पाहिलं. हसू येत होतं आणि यांचा जीवही घ्यावासा वाटत होता, दोन्ही एकदम.

जिजाबाईचं समाधान झालं नव्हतं. "अन् टाके? टाके दाखव पाहू. कैलासच्या सासूले चार भोकं पाडले होते, बेंबीपाशी. आता त दिसतबी नाई." कैलास म्हणजे तिचा मुलगा, अंकिताचा नवरा. म्हणजे अंकिताच्या आईचं पोट या सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मी पदर पोटावर दाबून धरला. "पट्टी आहे अजून," मी म्हणाले. पट्टी नव्हती. माझं पोट कोरं आहे, दोन बाळंतपणांच्या सुरकुत्या सोडल्या तर त्याच्यावर एक ओरखडा नाही. माझे टाके जिथं आहेत तिथं पाहायला येणाऱ्यांना पाहता येत नाही. आणि गंमत अशी, की ज्या बाईपासून मी पोट लपवत होते तीच तेव्हा तिथं होती. तेव्हा म्हणजे माझ्या पोराचं, अभिरामचं बारसं नुकतंच झालेलं, मी अजून ओली बाळंतीण होते, आणि गावच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. चुलीवर आंबिलाचा गंज, माणूस आत बसेल एवढं पितळी पातेलं. उतरवायचा होता. पुरुषमाणसं ओसरीवर पानं खात होती. जिजाबाई म्हणाली, "तू तिकडून धर." मी धरला. उचलताना पोटात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. परकराची गाठ सैल व्हावी तसं वाटलं, आणि मी खरंच एका हातानं परकर चाचपला. गाठ होती तिथंच होती. न्हाणीत गेले, हात लावला, तर बोटांना काहीतरी मऊ लागलं, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. माझंच होतं आणि माझ्या ओळखीचं नव्हतं. मी ते आत ढकललं. गेलं. मी हात धुतले आणि पंगतीला वाढायला गेले. गोड आंबिल, मागून घेत होते सगळे.

एकदा ढकलून गेलं की माणसाला वाटतं, जमते. तसं मला वाटलं, आणि ते वाटत राहिलं. पोरगी कॉलेजात गेली, पोरगा इंजिनीअर झाला, आणि मी ढकलत राहिले. सकाळी उठल्यावर ते आपसूक आत असायचं. रात्रभर आडवं पडल्यानं जरा विसावा मिळायचा. मग भांडी, डबे, बस, शाळा. प्रार्थनेला उभं राहिलं की 'सावधान' म्हणेपर्यंत ते उतरलेलं असायचं. जुन्या सुती परकराचे तुकडे फाडून मी त्याच्या घड्या करायची आणि लंगोट बांधल्यासारख्या बांधायची. कापड घासायचं. घासून घासून जखम झाली, पांढरं जायचं, कधी लाल. लघवीला बसलं की आधी दोन बोटांनी वर दाबून धरायचं, मगच व्हायची. हे मी शाळेतल्या कडी नसलेल्या संडासात, एका हातानं दार ओढून धरून, केलेलं आहे. चौथीच्या वर्गात मी शरीराचे अवयव शिकवले. भिंतीवरच्या तक्त्यात माणूस उभा, हृदय, फुप्फुसं, जठर, मूत्रपिंडं, रंगीत, नावं घातलेली. कमरेखाली त्या माणसाला काही नव्हतंच. कागद तिथं नुसता गुलाबी होता. छडी त्या गुलाबीपाशी येऊन थांबायची आणि पोरं पुढचं पान उलटायची. मी उभ्या उभ्या शिकवायची आणि त्या गुलाबी भागात माझं काय लोंबत होतं ते कोणाला दिसत नव्हतं. मला तेव्हा रडू नाही आलं. मला त्या तक्त्यावाल्याला धरून बडवावंसं वाटलं.

आणि शब्द तरी होता का? आईचा शब्द होता. माझी आई, तानाबाई, ती म्हणायची, "आंग येते, माय." दिवस मावळते म्हणावं तसं म्हणायची. त्याचं काही करायचं असतं हे तिच्या बोलण्यात कुठंच नव्हतं. ती नेहमी गोधडीच्या घडीवर बसायची, एका अंगानं, आणि तिच्या लुगड्याला एक वास यायचा. मला वाटायचं म्हाताऱ्या बायकांना असाच वास येतो, दुधाच्या भांड्याला दुधाचा येतो तसा. ती गेली तेव्हा बायकांनी तिला अंघोळ घातली. मी होते तिथं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. एकीनं पटकन पांढरं कापड ओढलं आणि दुसरी म्हणाली, "पानी टाक वं." एवढंच. आत सगळ्या बायकाच होत्या, दार लावलेलं होतं, मेलेली बाई ऐकत नव्हती, तरी कोणी बोललं नाही. माझं तेव्हा सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. मी पाणी टाकलं.

यांना माहीत होतं का? मी पाठ दुखते म्हणाले आणि हे गादी घेऊन हॉलमध्ये टीव्हीपाशी गेले, ते तिकडचेच झाले. विचारलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाला बायकोची पाठ कुठं आहे आणि कुठं नाही हे कळत नसेल, असं मी मानत नाही. पण ज्या दिवशी ते आत जाईना, त्या दिवशी यांना विचारावंच लागलं. सुजलं होतं, जांभळं पडलं होतं, काही केल्या जाईना, आणि लघवी अडली. ढकलून ढकलून मी घामाघूम. शेवटी दार उघडून म्हणाले, दवाखान्यात चला. यांनी स्कूटर काढली. मी मागे बसले, कशी बसले ते माझं मला माहीत. पिपरीपासून दवाखान्यापर्यंत एकही खड्डा त्या रस्त्यानं मला माफ केला नाही. हे पुढून ओरडून विचारत होते, "पोटात दुखते का?" "नाही." "मग छातीत?" "नाही." "अगं मग काय होऊन राह्यलं सांगशील का?" मी यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, माझं आंग बाहेर आलं आहे, आत जात नाही. यांनी एकदम ब्रेक दाबला. यांच्या डोक्यावर हेल्मेट, बाजूला ट्रक, मागे बसचा हॉर्न. त्या गदारोळात हे मागं वळून म्हणाले, "हळू बोल."

डॉक्टरीणबाई म्हणजे नमिता मॅडम, माझ्या पोरीपेक्षा, अस्मितापेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं हातमोजे घातले, पाहिलं, आणि चेहरा कोरडाच ठेवला. त्या कोरड्या चेहऱ्यावर मी जीव टाकावा असं वाटलं मला. कीव नाही, किळस नाही. प्लंबर नळ पाहतो तसं तिनं पाहिलं. "किती वर्षं झाली?" मी म्हणाले, पोरगा आता नोकरीला लागला. तिचा हात थांबला. "बसलात कशा हो इतकी वर्षं?" "बसले कुठं मॅडम? उभीच होते. शिक्षिका आहे." ती हसली, मग मीही हसले, सुजलेलं आंग बाहेर ठेवून टेबलावर पाय फाकवून दोघी हसलो. तिनं औषधाची पट्टी ठेवून सूज उतरवली आणि नीट समजावून सांगितलं, चित्र काढून. कमरेखालचं चित्र. आमच्या तक्त्यात नव्हतं ते. आणि शेवटी म्हणाली, "शिवायचं काम माझं. टिकवायचं तुमचं. तीन महिने वजन उचलायचं नाही. बादली नाही, सिलिंडर नाही, दळणाचा डबा नाही, कोणाचं लेकरूही नाही. उकिडवं बसायचं नाही. ही शिवण पक्की व्हायच्या आत ताण पडला तर सगळं पुन्हा उतरेल, आणि दुसऱ्यांदा शिवलं तर पहिल्यासारखं बसत नाही. कापड तेच असतं ना." मी म्हणाले, कळलं. तिनं विचारलं, "घरच्यांना कळेल?" मी तिनं काढलेल्या चित्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि माझे पाय गेले. म्हणजे पाय होते, वर बांधून ठेवलेले मला दिसत होते, पण ते कोणा दुसऱ्या बाईचे होते. काय जाड घोटे आहेत हिचे, असं वाटलं मला. हिरव्या कापडापलीकडे ते लोक काम करत होते आणि कोणाच्या डब्यातली भेंडी चिकट झाली होती त्यावर बोलत होते. मला राग यायला हवा होता. मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं त्या जागेशी मी एकटी होते, चोरासारखी, आणि आता तिथं भरपूर उजेड होता, चार माणसं होती, आणि कोणी दबक्या आवाजात बोलत नव्हतं. भेंडीवर बोलत होते. नंतर दिपाली सिस्टरनं आत भरलेली पट्टी ओढून काढली, ती संपेचना, जत्रेतल्या जादूगाराच्या तोंडातून निघावी तशी निघतच राहिली. मग लघवीची नळी काढली आणि म्हणाली, "आता तुमची तुम्हाले झाली पाहिजे बाई, नाई त नळी परत." मी संडासात बसले. नळ सोडून ठेवला. काही होईना. भीती वाटायला लागली, की हेही गेलं, हेही आता माझ्या हातात राहिलं नाही. आणि हात, मेला, सवयीनं खाली गेला, दोन बोटं दाबायला. तिथं काही नव्हतं. सपाट. बोटं शोधत राहिली, जिना संपल्यावर पाय अजून एक पायरी शोधतो तशी, आणि मला हळूहळू कळलं की दाबायचं काही राहिलंच नाही. मी हात काढून गुडघ्यावर ठेवला. आणि झाली. आपसूक. सरळ. माझ्या लग्नाच्या आधी व्हायची तशी. मी इतक्या मोठ्यानं रडले की दिपाली दार ठोकायला लागली. "काय झालं बाई? काय झालं?" "झाली," मी म्हणाले, "झाली वं माय." "मंग रडता कायले?" ती बाहेरून म्हणाली, "लोकं हसते झाली म्हणून." घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले आणि मधेच थांबले. दोन मांड्यांच्या मधे हवा होती. नुसती हवा. मी परत गेले, परत आले. यांनी टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, काही हरवलं का. मी म्हणाले, हो.

"चहा होईन ना?" जिजाबाई म्हणाली. यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा काही वजन नाही; मी ओट्यापाशी उभी राहून केला, अंकितानं कप नेले. कप घेताना ती ओट्याला टेकून उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी पाहिलं आणि पाहिलं नाही. बाहेर आले तर जिजाबाई खुशीत होती. "तुहं ऑपरेशन नेमक्या वेळेवर झालं पाय, कोकिळे. श्रावणात मोकळी झाली. आता गनपती, मंग आपल्या महालक्ष्म्या. गावच्या घराचं त स्लॅबचं काम काढलं, पाय ठेवाले जागा नाई. म्हून यंदा इथंच बसवू म्हटलं."

"इथं म्हणजे?"

"तुह्या घरी! काऊन, देवेंद्रभाऊजीनं सांगलं नाई? ते त हो म्हनले फोनवर."

मी यांच्याकडे पाहिलं. हे बिस्कीट चहात बुडवत होते. "आता ठणठणीत आहे ही," हे बिस्किटाला म्हणाले. "दूरबिनीचं होतं." बिस्कीट चहात पडलं. मला पुढचं सगळं दिसलं, पाट मांडल्यासारखं दिसलं: पन्नास माणसांचं पुरण, सोळा भाज्या, गंज, कोपर-पराती, पाण्याचे पिंप, उकिडवं बसून रांगोळी, बायका, "तू तिकडून धर." आणि तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या हलवल्या की मीही हललेली असणार, न्हाणीत दार लावून, दोन बोटं घेऊन. हे सगळं कशापायी, तर खडे झाले म्हणून. खड्यांना तीन महिने लागत नाहीत. खड्यांची बाई आठ दिवसात उठते. मी तेव्हाही बोलले नाही. म्हणजे तोंड उघडलं होतं, पण नानाजी समोर होते. माझे जेठ. ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर अजून खाली येऊ देत नाही. त्यांच्यासमोर तो शब्द कुठून काढायचा? मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याचाच मला इतका राग आला की कान तापले.

"गाडीत कोठ्या आनल्याच आहे," जिजाबाई उठली. "पुन्हा फेरा कायले? अंकिता, ते लेकरू दे इकडं. जाय, काकूसंग कोठी घेऊन ये आत. एक तू धर, एक ती धरन." महालक्ष्मीचं धड म्हणजे कोठी. आमच्या घराण्याच्या कोठ्या जुन्या आहेत, जाड लोखंडी पत्र्याच्या, गळ्यापाशी झाकण असलेल्या. झाकण उघडून आत करंज्या-लाडू भरतात, देवीचं पोट भरलं म्हणतात, मग झाकण लावतात, वर मुखवटा ठेवतात, साडी नेसवतात. फाटकापाशी छोटा हत्ती टेम्पो उभा होता, ड्रायव्हरनं एक कोठी खाली उतरवून ठेवली होती, बिनडोक्याची, दोन्ही बाजूला कडी. आणि मी गेले. कोणी ढकललं नाही मला. माझ्या पायांनी गेले. सांगितलं की बाई जाते. मी एका बाजूनं वाकले, हात कडीला लागला, पत्रा गार होता. समोरून अंकिता वाकली. उचलायच्या आधी तिनं गुडघे एकमेकांना चिकटवले, श्वास कोंडला आणि खालून काहीतरी वर ओढून घेतल्यासारखी एक क्षण थांबली. तेवढंच. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. मला दिसलं. मी ते इतकी वर्षं दिवसातून शंभरदा केलं होतं.

"ठेव," मी म्हणाले.

"काकू?"

"ठेव म्हटलं ना. हात काढ तिच्यावरून." मी कडी सोडली, सरळ उभी राहिले. मग वळले. दारात जिजाबाई होती, कडेवर पोरगं, मागे नानाजी, त्यांच्या मागे हे, हातात कप. माझा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मला खडेबिडे काही झाले नव्हते. माझं आंग बाहेर येत होतं. अभिराम झाला तेव्हापासून. तुमच्याच घरी आंबिलाचा गंज उचलला त्या दिवसापासून. ते ऑपरेशन झालं आहे. पिशवी काढली, खालून शिवलं आहे. मी आता काही उचललं तर ते टाके सुटतील आणि पुन्हा लागणार नाहीत. मी उचलणार नाही. आणि ही पण उचलणार नाही."

शेजारच्या गॅलरीत अन्नपूर्णा कपडे वाळत घालत होती, तिचा हात वरच राहिला. छोटा हत्तीचा ड्रायव्हर लगबगीनं टायर पाहायला लागला. नानाजी माझ्याकडे पाहू शकत नव्हते, म्हणून यांच्याकडे वळले. "मंग ते खडे?"

"गिरडचेच आहेत, दादा," हे म्हणाले.

"मी म्हनलंच होतं," नानाजी म्हणाले, आणि त्या सगळ्यातही त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची एक लकेर येऊन गेली.

"माय वं माय!" जिजाबाईला आता आवाज फुटला. "हे बोलाचं असते का माणसायसमोर?"

"मग कोणासमोर बोलायचं, मोठीबाई? बायकांसमोर तरी कुठं बोललो आपण?"

"त्यात बोलाचं काय हाय? साऱ्याच बायायचं येते थोडंबहुत. उठता-बसता, खोकता. त्याले काय दवाखाना लागते?" ती बोलून गेली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. तिनं पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. नानाजींनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं पाहिलेलं मला तरी आठवत नाही. ती चिडली. "असे काय पाहून राह्यले? लेकरू घ्या." त्यांनी लेकरू घेतलं. कसं धरायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण घेतलं.

मी अंकिताजवळ गेले. "जड वाटते ना? संध्याकाळी जास्त?" तिनं सासूकडे पाहिलं, मग मान हलवली. "मला उद्या दाखवायला जायचं आहे," मी म्हणाले. "तू राहा इथं. सोबत चल. तुझं सुरुवातीचं आहे, कदाचित व्यायामानंच होईल." जिजाबाई काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे हो, हे तिची जाऊ होऊन इतकी वर्षं झाल्यावर मला कळतं. "आणि मोठीबाई, महालक्ष्म्या बसवा. माझी ना नाही, घर मोठं आहे. पण स्वयंपाकाला बाया लावा, आणि उचलायला हे दोघं आहेत."

यांनी कप कठड्यावर ठेवला. माझ्याकडे न पाहता बाह्या वर केल्या. मला वाटलं काही तरी बोलतील. नाही बोलले, पण हळू बोल असंही म्हणाले नाहीत. अंकितानं सासऱ्यांकडून पोरगं घेतलं आणि आत जाऊन बसली. दोघे भाऊ फाटकाशी गेले. कड्या धरून उचलायचं त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. नानाजींनी देवीला सरळ कवटाळलं, पोटाशी पोट लावून, आणि हे मागून तिच्या कमरेला हात घालून रेटू लागले. अशा थाटात ती बिनडोक्याची महालक्ष्मी पायरीवर चढली आणि दारात अडकली. ना आत, ना बाहेर. नानाजी आत, हे बाहेर, मधे देवी. "तू ढकल ना!" "दादा, तुम्ही वाकडी करा!" "अरे माहं धोतर अडकलं!" त्यांना घाम फुटला, श्वास लागला, आणि कोठी चौकटीला घासून कर्रकन वाजली. तशी जिजाबाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "हळू! हळू, मेल्यायनो! सांभाळून! तिच्या पोटाले पोचा पडन ना!"

मी हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग मला कठडा धरावा लागला. आतून अंकिताचं हसू ऐकू आलं, गॅलरीत अन्नपूर्णा कपड्यांमागे तोंड लपवून हसत होती. जिजाबाईनं माझ्याकडे रागानं पाहिलं, "हसते काय वं," म्हणाली, आणि तिचाही ओठ वाकडा झाला. मग ती हसली, पण हसता हसता तिनं पटकन एक हात ओटीपोटाखाली दाबून धरला आणि पाय जुळवले. ते पाहून मला माझ्या पायांची आठवण झाली. मी खाली पाहिलं. पाय दोन दिशांना होते, आरामात, अंगणात खेळणाऱ्या पोरीचे असावेत तसे, आणि मी अजून हसत होते.